बेळगावहून लंडन: मुंबईमार्गे जावं की बेंगळूरमार्गे?

बेळगावातून लंडनला थेट विमान नाही. त्यामुळे मुलाबाळांकडे निघालेले आईवडील असोत की शिकायला चाललेला पोरगा, प्रश्न एकच असतो: मुंबईला जाऊन विमान धरायचं की बेंगळूरला? मुलगी तिकडे असल्यामुळे आम्ही दोघं दोन्ही वाटांनी गेलो-आलो आहोत. शेजारपाजारचे, नात्यातले, कधी कधी भाजी घेताना भेटलेलेही विचारतात, "काका, कुठून गेलेलं बरं?" प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढावं म्हणतो. तिकिटाचे दर रोज बदलतात, तेव्हा त्यात शिरत नाही. पासपोर्ट, व्हिसा, वेब चेक-इन हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

आधी अंतर. बेळगाव ते लंडनचं हीथ्रो हे हवाई अंतर, म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणून मोजलं तर, साधारण ७,६०० किलोमीटर भरतं. मुंबई ते हीथ्रो ७,२०० च्या आसपास आणि बेळगाव ते मुंबई सरळ रेषेत ४०० च्या आसपास. बेरीज केली की लक्षात येतं, मुंबईमार्गे गेल्याने जेमतेम दहा-बारा किलोमीटरचा वळसा पडतो. मुंबई आपल्या वाटेवरच आहे म्हणा ना.

बेंगळूरचं गणित वेगळं. बेळगाव ते बेंगळूर सरळ रेषेत ४४५ किलोमीटर, तेही आग्नेयेला, म्हणजे लंडनच्या बरोबर उलट दिशेला. तिथून हीथ्रो आठ हजारांच्या थोडं वर. एकूण अंतर ८,४९० च्या घरात जातं. मुंबईमार्गे जाण्यापेक्षा पावणेनऊशे किलोमीटर जास्त. हे जास्तीचं अंतर येतं कुठून, ते नकाशावर रेष ओढली की दिसतं. बेंगळूरहून लंडनची सरळ रेष ओढा, ती आपल्याच जिल्ह्यावरून, गोकाक-मुडलगीच्या आसपासून जाते. म्हणजे आपण सांबऱ्याहून, आपल्या बेळगावच्या विमानतळावरून, उडून बेंगळूरला जायचं आणि तिथून पुन्हा आपल्याच डोक्यावरून लंडनकडे निघायचं. प्रत्यक्षात विमानं ठरलेल्या हवाई मार्गांनी जातात, अगदी या रेषेवरून नाही, पण कल्पना यावी. जाऊन-येऊनचं ते अंतरच आपल्या हिशेबात जास्तीचं पडतं. कागदावर पाहिलं तर हा द्राविडी प्राणायाम आहे, आणि इथेच बहुतेक लोक मुंबईच्या बाजूने निकाल देऊन मोकळे होतात.

पण पावणेनऊशे किलोमीटर म्हणजे जेट विमानाला साधारण एक तास. मुंबईहून लंडनला जाताना साडेनऊ-दहा तास लागतात, बेंगळूरहून साडेदहा-अकरा. येताना पश्चिमेचे वारे पाठीशी असतात, म्हणून दोन्हीकडून वेळ थोडा कमी होतो. हिवाळ्यात हा फरक जास्त जाणवतो, तेव्हा वरचे वारे जोरात असतात. तास-दीड तास जास्त बसावं लागतं हे खरं. माझ्या मते मात्र दहा तास बसलेल्या माणसाला अकरावा तास वेगळा असा कळत नाही. एक जेवण, एक झोप, एक चहा यांत तो जिरून जातो.

आणखी एक गोष्ट सध्या ध्यानात ठेवायला हवी. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं आणि ती बंदी पुढे महिन्यामहिन्याने वाढवत नेली. मुंबई-लंडनची सरळ रेष कराचीवरूनच जाते. भारतीय कंपनीचं विमान त्यामुळे अरबी समुद्रावरून आखाताकडे वळून जातं. दिल्लीकरांना या बंदीचा जेवढा फटका बसतो तेवढा मुंबई-बेंगळूरला बसत नाही, पण वेळ वाढतो. ब्रिटिश कंपन्यांना ही बंदी लागू नाही. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्षात इराण-इराकचं आकाशही काही दिवस बंद झालं, तेव्हा सगळ्यांचीच विमानं वाट वाकडी करून गेली. सांगायचा मुद्दा असा की तिकिटावर छापलेला उड्डाणाचा वेळ बघताना कंपनी कुठली तेही बघा. मुंबईहून परवडणारं पण लांबून जाणारं विमान आणि बेंगळूरहून सरळ जाणारं विमान यांत तो एक तासाचा फरकही कधी कधी उरत नाही.

हवेतला हिशेब एवढाच. खरा प्रवास जमिनीवर आहे.

मुंबईला जायचं कसं

बेळगावहून मुंबईला जायच्या तीन वाटा. सांबऱ्याहून विमान, रात्रीची रेल्वे आणि रात्रीची बस.

सांबऱ्याची धावपट्टी १९४२ सालची, ब्रिटिश हवाई दलाने बांधलेली. २०१७ मध्ये नवी टर्मिनल इमारत झाली आणि उडान योजनेनंतर बरीच शहरं जोडली गेली. मुंबईच्या मार्गावर मात्र कंपन्या आल्या, गेल्या, वेळा बदलल्या. ज्या हंगामात तुम्ही निघणार त्या हंगामात मुंबईचं विमान आहे आणि त्याची वेळ तुमच्या लंडनच्या विमानाशी जुळते आहे, असं असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही. सरळ मुंबई धरा. सव्वा तासात तुम्ही मुंबईत आणि अंतरही कमीत कमी. फक्त कुठल्या टर्मिनलला उतरणार ते आधी बघून घ्या. मुंबईत सांताक्रूझचं टर्मिनल एक आणि सहारचं टर्मिनल दोन यांच्यामध्ये धावपट्टी आहे. एकाकडून दुसरीकडे जायला रस्त्याने फेरा मारावा लागतो, आणि लंडनची विमानं सहारहून सुटतात. संध्याकाळच्या गर्दीत तो फेरा खातो तेवढा वेळ सव्वा तासाच्या उड्डाणातला सगळा फायदा गिळून टाकतो.

आमच्या वेळा काही जुळल्या नाहीत. म्हणून आम्ही रेल्वे आणि बस या दोन्हींचा अनुभव घेतला.

रेल्वेबद्दल माझं मत चांगलं आहे. रात्रीच्या हुबळी-दादर गाडीचं आरक्षण मिळालं तर झोपून जाता येतं आणि सकाळी दादर. तिथून पूर्वी टॅक्सीशिवाय गती नव्हती. आता मेट्रो तीन, जिला ॲक्वा लाइन म्हणतात, ती ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड अशी पूर्ण चालू झाली. तिला दादरलाही स्थानक आहे आणि विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलनाही. एखादी बॅग घेऊन निघालेल्या तरुण माणसाला ही फार सोयीची वाट आहे आणि टॅक्सीच्या मानाने पैसाही थोडा लागतो. दोन मोठ्या बॅगा, हातातली पिशवी आणि गुडघेदुखीची बायको असेल तर दादरच्या पुलावरून पश्चिमेला उतरून मेट्रो गाठणं मला तरी जमण्यातलं वाटत नाही. आम्ही टॅक्सीच करू.

बसचं सांगायचं तर जाताना फारसा त्रास होत नाही. संध्याकाळी घरासमोरून रिक्षा, स्लीपर गाडीत आडवं व्हायचं, निपाणी, कोल्हापूर, कराड झोपेत जातं. हल्ली कागल ते साताऱ्यापर्यंत महामार्गाच्या सहापदरीकरणाचं काम चालू असल्यामुळे जागोजागी सेवा रस्त्यावर उतरवतात, त्यात झोपमोड होते आणि वेळही जातो. पुण्यात शिरताना आणि घाट उतरताना कधी किती थांबावं लागेल हे सांगता येत नाही. म्हणून मुंबईहून विमान धरायचं असेल तर मी सहा तासांचा हातचा ठेवतो. लोक म्हणतात फार होतात. विमान चुकलेल्या माणसाला विचारा, फार होतात का. तेवढे सहा तास विमानतळावर काढायचे म्हटलं की हवेत वाचवलेला तो एक तास कुठल्या कुठे जातो.

तरीही जाण्याच्या बाबतीत मुंबई आणि बेंगळूर यांत फार डावंउजवं करता आलं नसतं. माझा निकाल लागला तो येताना.

येतानाचं कुणी धरत नाही

तिकीट काढताना आपण सगळे जाण्याचाच विचार करतो. विमान चुकू नये, वेळेत पोचावं, एवढंच डोक्यात असतं. परतीला विमान चुकायची भीती नसते, म्हणून त्या बाजूला कुणी बघत नाही. पण परतीला माणूस थकलेला असतो. रात्रीची झोप झालेली नसते, शरीराचं घड्याळ लंडनचं असतं, आणि मुंबईत उतरल्यावर घर अजून पाचशे किलोमीटर लांब असतं.

लंडनहून सकाळी निघालेलं विमान इकडे मध्यरात्रीनंतर उतरतं, दुपारी निघालेलं पहाटे आणि रात्री निघालेलं दुसऱ्या दिवशी दुपारी. बेळगावच्या बहुतेक बस आणि सोयीच्या गाड्या मात्र संध्याकाळी-रात्री. म्हणजे पहाटे उतरलेल्या माणसाने दिवसभर करायचं काय? डोंबिवलीला बहिणीकडे, दादरला मामांकडे जायचं, असं पूर्वी होतं. आता कुणाच्या घरी पहाटे दोन मोठ्या बॅगा घेऊन जाणं मलाच बरं वाटत नाही. हॉटेलची खोली घेतली तर तो खर्च वेगळा.

आणि मग ती बस पकडायची. हा एक प्रकार मला शेवटपर्यंत सहन झाला नाही, आणि माझा कल ठरला तो याच्यामुळे. बेळगावच्या खासगी गाड्या मुंबईच्या उपनगरातून निघून वाटेत माणसं घेत येतात. तुम्हाला मिळते ती जागा म्हणजे सायन, चेंबूर, नाहीतर वाशीच्या पुलाजवळचा रस्त्याच्या कडेचा पट्टा. शेड नाही, बसायला कट्टा नाही, स्वच्छतागृह तर नाहीच. तिकिटावर साडेआठ लिहिलेलं असतं. फोन केला की क्लीनर म्हणतो, "पाच मिनटात आलो साहेब, सिग्नलला आहे." ती पाच मिनिटं तास-दीड तास चालतात. एका मागोमाग एक सारख्याच दिसणाऱ्या गाड्या येतात, प्रत्येक गाडीची पाटी वाचायला बॅगा सोडून दोन पावलं पुढे जायचं की बॅगांपाशी थांबायचं, हेही कळत नाही. आमच्या मंडळी त्या दिवशी एका बॅगेवर बसल्या होत्या, दुसरीच्या कडीत हात अडकवून. पाऊस भुरभुरत होता. पासपोर्ट असलेली पर्स साडीच्या पदराखाली.

गाडी आली तेव्हा डिकी पार्सलांनी भरलेली. कुणाची मोटारसायकल, कुणाचे कपड्यांचे गठ्ठे. क्लीनरने आमच्या बॅगा बघितल्या आणि म्हणाला, "एवढं मोठं सामान? तिकिटाबरोबर नाही चालत." मागची गाडी भोंगा वाजवतेय, ड्रायव्हर घाई करतोय, तिथे कोण वाद घालणार? सामानाचे वेगळे पैसे देऊन एक बॅग डिकीत आणि एक आमच्या पायाशी, अशी रात्र काढली. लंडनच्या विमानतळावर चाळीस मिनिटांत आत गेलो होतो. दहा तास उडून आल्यावर आमचा सगळा जीव गेला तो त्या शेवटच्या रस्त्याच्या कडेला.

घरी आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "परत येताना हे नको." मीही तेव्हाच ठरवलं.

याला उपाय आहेत, नाही असं नाही. बसऐवजी रेल्वे धरली तर निदान फलाट असतो, छप्पर असतं. पण आंतरराष्ट्रीय विमान उशिरा आलं तर आरक्षण वाया जातं, म्हणून तेही धाडस वाटतं. बेळगावहून गाडी बोलावून घेतली तर सगळ्यात सुखाचं, फक्त एका माणसाच्या प्रवासाला तो खर्च अंगावर येतो. चौघं असाल, खर्च वाटून घेता येत असेल, तर खुशाल करा.

बेंगळूर मला का आवडलं

आमचा सीमाभागातला माणूस मनाने मुंबईकडे झुकलेला असतो. तिथे नातेवाईक, तिथली भाषा आपली, पिढ्यान्‌पिढ्या नोकरीधंद्याला गेलेली माणसं. बेंगळूर म्हटलं की काहींना उगीच परकं वाटतं. मला ते कधी वाटलं नाही. आम्ही लहानपणापासून दोन्ही भाषा बोलत वाढलो, टॅक्सीवाल्याशी कन्नडमध्ये बोललो की तो निपाणी-चिक्कोडीकडच्या त्याच्या पाहुण्यांची चौकशी करतो. तेव्हा भाषेच्या कारणाने बेंगळूर सोडू नका.

सांबऱ्याहून बेंगळूरला विमानाने सव्वा तास लागतो. मुतगा-निलजी ओलांडून घरापासून अर्ध्या तासात विमानतळ. उतरतो ते थेट केंपेगौडा विमानतळाच्या आवारात, शहरात जायचंच नाही. तिथेही आता दोन टर्मिनल झाली आहेत, पण दोन्ही एकाच बाजूला, शेजारीशेजारी. सप्टेंबर २०२३ पासून आंतरराष्ट्रीय विमानं टर्मिनल दोनहून सुटतात. ट्रॉली ढकलत किंवा तिथल्या शटल बसने एका टर्मिनलवरून दुसऱ्याला गेलं की झालं. टर्मिनल दोन मला स्वतःला फार आवडलं. बांबूचं छत, आतबाहेर झाडं, बसायला भरपूर जागा. पाच तास काढायची वेळ आली तरी माणूस वैतागत नाही. ब्रिटिश एअरवेज आणि व्हर्जिन अटलांटिक या दोघांची लंडनची विमानं मुंबईप्रमाणे इथूनही आहेत, एअर इंडियाचंही आहे. निवड मुंबईला जास्त, हे मान्य.

परतीला तर फरक डोळ्यात भरतो. पहाटे उतरायचं, इमिग्रेशन, बॅगा, कस्टम्स, बाहेर येऊन चहा, टर्मिनल बदलायचं आणि बेळगावच्या विमानात बसायचं. छप्पराखालून बाहेर पडलो ते सांबऱ्यालाच. जेवायला घरी. रस्त्याच्या कडेला उभं राहणं नाही, क्लीनरला फोन नाही, सामानाची घासाघीस नाही.

उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत मोजलं तर आमचा अंदाज असा: मुंबईमार्गे रेल्वेने किंवा बसने अठ्ठावीस-तीस तास, बेंगळूरमार्गे विमानाने वीस-एकवीस. मी घड्याळ लावून मोजलेलं नाही, तुमचं एखाद-दोन तास इकडे-तिकडे होईल. पण पावणेनऊशे किलोमीटर जास्त उडूनही आम्ही आधी पोचतो हे खरं आहे.

बेंगळूरचे दोषही सांगायला हवेत. पावसाळ्यात सांबऱ्यावर ढग खाली उतरले की विमान रद्द होऊ शकतं, उशीर होऊ शकतो, कधी दुसऱ्याच विमानतळावर नेऊन उतरवतात. जून ते ऑगस्टमध्ये जाणार असाल तर त्याच दिवशीच्या विमानाच्या भरवशावर राहू नका. अशा वेळी रेल्वे चांगली. रात्रीची राणी चेन्नम्मा आहेच, आणि ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव-बेंगळूर वंदे भारत सुरू झाली आहे. पहाटे निघून दुपारी दोनच्या आत बेंगळूर, साडेआठ तास. तिथून मात्र विमानतळ ३५ किलोमीटरवर, देवनहळ्ळीच्या बाजूला, आणि हेब्बाळचा रस्ता संध्याकाळी तुंबतो. स्टेशनसमोरच्या मॅजेस्टिक बसस्थानकाहून विमानतळाच्या वायुवज्र बस मिळतात, त्यांना सामान ठेवायला आत जागा केलेली असते. रात्रीच्या उड्डाणासाठी दुपारी पोचणारी वंदे भारत हा मेळ चांगला जमतो. परतीला वंदे भारत दुपारी सुटते, तेव्हा पहाटे उतरलेल्याला शहरापर्यंत यायला वेळ भरपूर मिळतो. रात्री घरी.

सामानाचा घोळ

यात फसायला होतं, म्हणून थोडं सविस्तर. लंडनच्या तिकिटावर बहुधा तेवीस किलोच्या एक किंवा दोन बॅगा चालतात. सांबऱ्याहून सुटणाऱ्या देशांतर्गत विमानात साधारण पंधरा किलो. दोन वेगवेगळी तिकिटं काढली तर सांबऱ्याला वजनाच्या काट्यावर वरच्या प्रत्येक किलोचे पैसे मोजावे लागतात, आणि पहिलं विमान उशिरा आल्याने दुसरं चुकलं तर कुणीच जबाबदार नाही. बेळगाव ते लंडन एकाच पीएनआरवर तिकीट मिळालं तर बहुतेक वेळा मोठ्या विमानाचाच सामानाचा नियम पुऱ्या प्रवासाला लागतो, आणि चुकलेल्या विमानाची सोयही कंपनी करते. चार पैसे जास्त पडले तरी मी असंच तिकीट शोधतो. काढण्यापूर्वी तिकिटावर प्रत्येक टप्प्यापुढे किती किलो लिहिलंय ते वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

एकच तिकीट असलं तरी येताना भारतात पहिल्यांदा जिथे उतराल तिथे बॅगा हातात घ्याव्या लागतात. कस्टम्समधून बाहेर काढून पुन्हा द्यायच्या. मुंबई असो की बेंगळूर, यातून सुटका नाही. सांबऱ्याला येणारं विमान कधी कधी छोटं एटीआर असतं, त्याच्या वरच्या कप्प्यात चाकांची मोठी हातबॅग बसत नाही. ती दारातच घेतात आणि उतरल्यावर देतात. म्हणून औषधं, दागिने, कागदपत्रं वेगळ्या छोट्या पिशवीत ठेवा.

आणि जाताना कुंदा नेऊ नका. मुलांना न्यावासा वाटतो, आम्हालाही वाटतो, पण दुधाचे पदार्थ आपल्याकडून ब्रिटनमध्ये नेऊ देत नाहीत. तूप, पेढे, बर्फी, सगळं त्यातच आलं. तेवढ्या वजनात मेतकूट, कांदा-लसूण मसाला, पापड बसतात.

कुणी कुठून जावं

बेळगाव शहर आणि पूर्वेकडचा भाग, म्हणजे गोकाक, बैलहोंगल, सौंदत्ती, इथल्यांनी माझ्या मते बेंगळूरच बघावं. बरोबर वयस्कर माणूस असेल, लहान मूल असेल, तर जास्तच. पावणेनऊशे किलोमीटरचा आकडा बघून बिचकू नका, ते किलोमीटर बसून कापायचे असतात.

निपाणी-संकेश्वरकडचं उत्तर जरा निराळं. निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटरवर, उजळाईवाडीचं विमानतळ सांबऱ्यापेक्षा जवळ, आणि तिथून मुंबईचं विमान मिळतं. वेळ जुळली तर त्यांना मुंबई सोयीची पडेल. खानापूरकरांना गोव्यातल्या मोपा विमानतळाचाही विचार करता येईल, तिथून आखातमार्गे लंडनला जाणारी विमानं मिळतात. फक्त पावसाळ्यात चोर्ल्याचा घाट रात्री चढू-उतरू नये असं मला वाटतं.

मुंबईत हक्काचं घर असेल, चार दिवस राहून मग पुढे जायचं असेल, तर मुंबईसारखी दुसरी जागा नाही. नवी मुंबईचं विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन होऊन डिसेंबरपासून सुरू झालं आहे. ते पनवेलच्या बाजूला, म्हणजे आपल्याकडून जाताना मुंबईच्या अलीकडे. तिथून लंडनची नियमित विमानं सुटू लागली आणि बेळगावच्या गाड्यांना विमानतळाच्या आवारात थांबा मिळाला, तर मी हा सगळा हिशेब पुन्हा मांडीन. सायन-चेंबूरचा रस्ता टळला की मुंबईविरुद्धची माझी अर्धी तक्रार संपते.

तिकीट काढायच्या आधी एक करा. विमानांची वेळापत्रकं मार्चअखेरीस आणि ऑक्टोबरअखेरीस बदलतात. जाणं एका हंगामात आणि येणं दुसऱ्या हंगामात असेल, तर जाताना जुळलेली सांबऱ्याची वेळ येताना जुळेलच असं नाही. आधी परतीचा टप्पा बघा, बेंगळूरला किंवा मुंबईला किती वाजता उतरता आणि तिथून बेळगावला पुढचं काय मिळतं ते लिहून घ्या. ते जमलं की जाण्याची तारीख शोधा.